पंचगंगेकाठचे साठ गुंठे आणि आठ दिवसांचे पाणी

करवीर तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने विचारले आहे: वडिलांच्या माघारी नदीकाठचे साठ गुंठे रान माझ्याकडे आले. चाळीस गुंठ्यांत अडसाली ऊस आणि वीस गुंठ्यांत सोयाबीन असते. दोन म्हशी आणि एक रेडकू आहे. २०२१ च्या पुरात ऊस पूर्ण बुडाला आणि गोठ्यात गव्हाणीपर्यंत पाणी आले. पुण्याची नोकरी सोडून मला दोन वर्षे झाली. तसे पाणी पुन्हा आले तर काय करावे, एरवीही पावसाळ्यात रानात दोन-तीन दिवस पाणी तुंबून राहते त्याचे काय, आणि गोठा उंच बांधून घ्यावा का?

आधी तुमच्या प्रश्नातली दोन पाणी वेगळी करायला हवीत, कारण दोन्हींचा इलाज एक नाही. एरवी तुमच्या रानात तुंबते ते पावसाचे, तुमच्या आणि वरच्या शेजाऱ्याच्या रानातले पाणी आहे. त्याला वाट काढून देता येते आणि ते काम मे महिन्यातले आहे. नदी पात्राबाहेर पडून जे पाणी शिवारात शिरते, त्याला मात्र कोणताही बांध अडवू शकत नाही. ते येण्याआधी काय हलवायचे आणि ते गेल्यावर कशाला हात लावायचा नाही, एवढेच आपल्या हातात राहते. माझे रान नदीच्या वळणावर आहे. तीन एकरांपैकी दोन एकर मळी, म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन, दर दोन-तीन वर्षांनी पाण्याखाली जाते. २००५, २०१९ आणि २०२१ हे तिन्ही मोठे पूर मी याच रानात काढले आहेत, त्यामुळे पुढचे सगळे त्या अनुभवातून लिहितो आहे.

पंचगंगेच्या पुराचा स्वभाव समजून घेतला की बरेच निर्णय सोपे होतात. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती, शिवाय लोकांच्या श्रद्धेतली गुप्त सरस्वती, अशा नद्या मिळून प्रयाग चिखलीच्या संगमापासून पुढे पंचगंगा होते. या नद्यांना पाणी मिळते ते गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, पन्हाळा या डोंगरी भागातून. त्यामुळे कोल्हापुरात लख्ख ऊन पडलेले असतानाही नदी चढत असते, आणि दारातला पाऊस थांबला म्हणून निर्धास्त झालेला माणूस फसतो. खाली नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णाही त्या वेळी दुथडी भरून वाहत असली तर पंचगंगेच्या पाण्याला पुढे सरकायला जागा राहत नाही आणि त्याची फूग मागे येते. आपल्याकडचा पूर वाहून नेणाऱ्यापेक्षा तुंबून बसणारा आहे तो यामुळे, आणि पाणी फुटाफुटाने चढते पण इंचाइंचाने उतरते तेही यामुळेच. कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे इथे पूर येतो का, हा वाद दरवर्षी रंगतो. त्यात तथ्य किती हे ठरवणारे ठरवतील, पण म्हैस कधी सोडायची याचे उत्तर त्या वादात सापडत नाही.

ते उत्तर कोल्हापूरजवळ पंचगंगेवर असलेल्या राजाराम बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीच्या आकड्यात असते. तिथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे जिल्ह्यात शाळकरी पोरालाही पाठ आहे. परंतु हे दोन्ही आकडे सर्वांसाठी धरलेले आहेत, तुमच्या बांधासाठी नव्हेत. तुमच्या रानाचा स्वतःचा फूट तुम्हाला काढावा लागेल, आणि या संपूर्ण उत्तरातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. पावसाळ्यात पाणी चढू लागले की रोज सकाळ-संध्याकाळ जाहीर होणारी बंधाऱ्याची पातळी वहीत लिहा आणि त्याच वेळी आपल्याकडे पाणी कुठवर आले ते समोर लिहा: वगळीतून (नदीला मिळणाऱ्या ओघळीतून) उलटे पाणी शिरायला लागले तो आकडा, खालच्या सरीत पाणी आले तो आकडा, पाणंद (शेताकडची वाट) बुडाली तो आकडा, गोठ्याच्या पायरीला लागले तो आकडा. एका साधारण पुरातच निम्मे आकडे मिळतात, आणि बाकीचे शेजारच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीतून जुळवता येतात. माझ्या वहीत ३४ फुटांना वगळ उलटी वाहू लागते, ३७ ला मळीत पाणी येते आणि ४१ ला पाणंद बंद होते. गोठा ४६ ला भिजतो. यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा गोठ्याचा नाही, पाणंदीचा आहे. पाणंद बुडाल्यावर गोठा कोरडा असून उपयोग नाही, कारण जनावर बाहेर काढण्याची वाट संपलेली असते. तुम्ही बहुधा आजपर्यंत गोठ्याकडे पाहून ठरवत आला आहात. पुढच्या पावसाळ्यापासून पाणंदीकडे पाहून ठरवा.

आकड्याबरोबर वरच्या धरणांकडेही लक्ष असावे. राधानगरीच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की ते आपोआप उघडतात, आणि एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी भोगावतीत येते. सातही उघडले तर जवळपास १० हजार क्युसेक. ‘दोन उघडले’, ‘चार उघडले’ ही बातमी आपल्याकडे पाहुण्यांच्या खुशालीसारखी फिरते ती उगीच नाही. नक्षत्रांचेही एक ध्यानात ठेवा: म्हातारा पाऊस म्हणजे पुष्य, आणि त्यापुढचे आश्लेषा, हे साधारण २० जुलै ते १५ ऑगस्ट असे चार आठवडे आपल्या खोऱ्याला सर्वांत जोखमीचे. २००५ आणि २०२१ चे पूर जुलैअखेरचे, २०१९ चा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातला. या चार आठवड्यांत घरात लग्नकार्य, परगावी जाणे किंवा म्हैस विकत घेणे असे काही ठरवू नये, असे मला वाटते.

२०१९ मध्ये मी स्वतः केलेली चूक सांगतो, कारण ती चूक त्या वर्षी फार जणांनी केली. आमच्या घराच्या भिंतीवर २००५ च्या पाण्याची रेघ होती. वडिलांनी खिळ्याने कोरून ठेवलेली. आमचा सगळा भरवसा त्या रेघेवर होता: ‘पाच सालापेक्षा वर काय येतंय!’ पाणंदीत घोटाभर पाणी आले तेव्हा शेजाऱ्याने म्हशी सोडल्या आणि मी त्याला हसलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी रेघेला टेकले आणि थांबले नाही. त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर ते ५५ फुटांच्या वर गेले. रात्री दहाला आम्ही बॅटरीच्या उजेडात तीन म्हशी कमरेइतक्या पाण्यातून बाहेर काढल्या. सात महिन्यांची गाभण म्हैस पाणंदीच्या कडेच्या चरीत घसरली, कारण पाण्याखाली चर कुठे संपतो आणि रस्ता कुठे सुरू होतो हे दिसत नव्हते. पाय मोडला नाही, पण आठव्या दिवशी ती गाभडली. जुनी रेघ मागचा पूर कुठे थांबला तेवढेच सांगते, पुढचा कुठे थांबेल हे तिला माहीत नसते. २०२१ ने आणखी एक समज मोडला. २०१९ चे पाणी चढायला दिवस लागले होते, पण २०२१ मध्ये २२-२३ जुलैच्या पावसानंतर ते तासांच्या हिशेबाने आले आणि पातळी आदल्या पुराच्याही पुढे गेली. म्हणून माझा आताचा नियम असा, की पाणंदीच्या आकड्याच्या चार फूट आधी जनावरे हलवायची, मग त्या दिवशी आभाळ कसेही असो. पाच वर्षांतून तीनदा हे हलवणे फुकट जाईल आणि लोक हसतील, ते हसू द्यावे.

हलवायचे कुठे, हे मात्र जूनच्या आत ठरलेले असले पाहिजे. उंचावरच्या गावातला पाहुणा, माळावरचे एखादे मोकळे शेड, जागा कोणतीही असो, आधी शब्द घेऊन ठेवावा आणि तिथे वैरण आधीच पोहोचवावी. लोक जनावर नेतात आणि वैरण मागे राहते, मग तिसऱ्या दिवशी होडीतून वैरण आणायचा खटाटोप सुरू होतो. हिशेब साधा आहे. अडचणीच्या काळात मोठ्या म्हशीला दिवसाला आठ किलोच्या आसपास सुकी वैरण आणि तीन किलो पेंड धरली, तर दोन म्हशींना दहा दिवसांत एकशे साठ किलो कडबा किंवा पिंजर आणि साठ किलो पेंड लागते. रेडकाचे धरून दोन क्विंटल वैरण आणि पेंडीची दीड पोती ठेवावीत. पेंड जमिनीवर न ठेवता फळ्यांवर रचावी. मुरघासाच्या बॅगा सोयीच्या असतात, पण उंदराने कुरतडलेल्या बॅगेत पाणी शिरले तर आतला सगळा माल जातो, हे पाहून घ्यावे. दूध संकलन बंद पडले तर ते दिवस दूध आटवून खवा करण्यात किंवा रेडकाला पाजण्यात घालवावे, पण धार चुकवू नये. तुंबलेल्या कासेला दगडी होते आणि ती पुरापेक्षा महागात पडते.

घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला टोचलेल्या असाव्यात. लस टोचल्यावर अंगात ताकद तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे पाणी आल्यावर डॉक्टरांच्या मागे लागण्यात अर्थ नसतो. कानातला बारा अंकी बिल्ला शाबूत आहे का तेही त्याच वेळी बघा. त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. आणि काही केल्या जनावर हलवणे शक्य झाले नाही, पाणी गोठ्यात आलेच, तर दावी सोडा, गाठ सुटत नसेल तर विळ्याने कापा. म्हैस पाण्याला सरावलेली असते, सुटी असेल तर ती उंचवटा शोधते. दावणीला बांधून ठेवलेल्या जनावराला मात्र पोहताही येत नाही आणि उठताही येत नाही. दावे कापताना हात थरथरतो, कारण म्हैस वाहून जाईल अशी भीती वाटते, तरीही कापावे.

मोटारीविषयी थोडक्यात. नदीवरची किंवा वगळीवरची मोटार वगळ उलटी वाहू लागायच्या आधी वर काढावी, स्टार्टरची पेटी घरात आणावी आणि पाईप साखळीने झाडाला जखडावा. फुटव्हॉल्व राहिला तरी चालतो. पाण्याखाली गेलेली मोटार उतार पडल्यावर नुसती वाळवून सुरू करू नये. उघडून, स्वच्छ पाण्याने गाळ धुऊन, वाइंडिंग वाळवून आणि कारागिराकडून तपासून मगच बटण दाबावे. ओल्या खांबाला आणि ताणाच्या तारेला हात लावून दरवर्षी माणसे जातात.

आता उसाकडे वळतो, कारण तुमचा मुख्य पैसा तिथे आहे आणि माझ्या मते मूळ चूकही तिथेच आहे. अडसाली लावण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत होते, म्हणजे म्हातारा आणि आश्लेषा नेमक्या त्याच दिवसांत. पुराच्या पट्ट्यात त्या वेळी सरीत नुकते फुटलेले कोंभ असले, तर तीन-चार दिवसांच्या पाण्यात बेणे कुजते आणि लावण, मजुरी, खत सगळेच जाते. उंच रानात अडसालीचे उत्पन्न जास्त आहे यात वाद नाही, पण मळीत तो हट्ट परवडत नाही. त्याऐवजी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पूर्वहंगामी लावण केली, तर पुढच्या जुलैत ऊस आठ-नऊ महिन्यांचा होऊन डोक्यावर गेलेला असतो. शेंडा पाण्याच्या वर राहिला की निम्मी लढाई जिंकलेली असते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तुटलेल्या उसाचा खोडवाही त्याच हिशेबात बसतो. सुरू लावण मात्र तेव्हा पाच-सहा महिन्यांची, म्हणजे अर्धवट उंचीची असते, तिचा भरवसा धरू नये. वाणाचा विचार करता, पाणथळ आणि खारवट होत चाललेल्या रानात को एम ०२६५ टिकाव धरतो असा अनुभव आहे. को ८६०३२ चा साखर-उताराही गूळही चांगला, पण तो निचऱ्याच्या रानासाठी राखावा. भरणी मेअखेरपर्यंत उरकावी, म्हणजे मुळांना मातीचा आधार मिळून ऊस लोळत नाही. आणि पावसाळ्याच्या तोंडावर युरियाची गोणी फेकण्याची जी सवय आपल्याकडे आहे ती सोडावी. ते खत शेवटी पंचगंगेच्या पाण्यात जाते, आणि नायट्रोजनावर पोसलेला लुसलुशीत ऊस पाण्यात लवकर कुजतो. त्या वेळी पोटॅश द्यावे.

पाणी उतरल्यावर ऊस जिवंत आहे की मेला हे बांधावरून पाहून कळत नाही. पाने गाळाने राखाडी झालेली असतात आणि सगळेच मेल्यासारखे दिसते. चाकू घेऊन सरीत उतरावे, पण लगेच नव्हे, माती पाय धरेल एवढी आवळल्यावर. एका सरीतले दहा ऊस निवडावेत, शेंड्याकडचा पोंगा कापावा आणि उभा चिरून मधला कोंभ बघावा. आतला भाग पांढराशुभ्र आणि टणक असेल, नखाने दाबल्यावर रस सुटत असेल, तर तो ऊस जगला. तपकिरी पडून मऊ झाला असेल आणि आंबलेला वास येत असेल, तर शेंडा गेला, त्या उसाची वाढ तिथेच संपली. २०२१ मध्ये माझ्या रानात सखल टोकाला दहातले आठ गेले होते आणि पाणंदीकडच्या बाजूला दहातले दोन. एकच रान, पण निर्णय दोन घ्यावे लागले. दहापैकी सहा-सात जिवंत असतील तर ऊस ठेवावा. सरीत साठलेले पाणी चर काढून बाहेर घालवावे, खालचा कुजका पाला काढून हवा खेळू द्यावी, वाफसा आल्यावर (माती कामाजोगी सुकल्यावर) एकरी एक गोणी युरिया आणि पंचवीस किलो पोटॅश द्यावे, आणि शेंड्यात पोक्का बोईंगची लक्षणे, म्हणजे पानांचे पिळवटणे आणि पांढरट पट्टे, दिसली तर लिटरला तीन ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइडची फवारणी घ्यावी. कांड्यांवर पाण्याच्या रेघेपर्यंत पांढऱ्या मुळ्या फुटलेल्या दिसतील. त्या पाहून घाबरू नये, मातीतल्या मुळांना हवा मिळत नव्हती म्हणून उसाने तिथून श्वास घेण्याचा प्रयत्न केलेला असतो.

शेंडे मेलेल्या उसाला काही दिवसांत डोळ्यांतून पांगशा फुटतात आणि शिवार पुन्हा हिरवे दिसू लागते. या हिरवेपणाला भुलू नये. पांगशा आईच्या अंगातली साखर खाऊनच वाढतात, वजनही घटते आणि उताराही. अशा उसाच्या गुळाला रंग येत नाही, म्हणून गुऱ्हाळवालाही तो नको म्हणतो. चिटबॉयला (गावातल्या उसाच्या नोंदी ठेवणाऱ्या कारखान्याच्या माणसाला) आणि कारखान्याच्या शेती विभागाला लगेच लेखी कळवून पूरबाधित ऊस म्हणून नोंद करून घ्यावी आणि गाळप सुरू होताच पहिल्या तोडीत तो जाईल असे पाहावे. तोंडी सांगितलेले त्या धांदलीत कोणाच्या लक्षात राहत नाही. ऑगस्टमध्ये पूर्ण मेलेला ऊस गाळपापर्यंत उभा ठेवण्यात मात्र राम नाही. पाला धुऊन जेवढा वैरणीला जाईल तेवढा घालावा, बाकीचा कुट्टी करून रानातच गाडावा. त्या प्लॉटचे बेणे कोणत्याही परिस्थितीत धरू नये. पाणी ओसरत असतानाच, सप्टेंबरमध्ये, घराच्या गच्चीवर किंवा माळावर एक डोळा पद्धतीने ट्रेमध्ये रोपे तयार करायला घ्यावीत. साडेचार फुटी सरीत दोन फुटांवर रोप धरले तर तुमच्या चाळीस गुंठ्यांना सुमारे ४,८४० रोपे लागतात, मर धरून पाच हजार करावीत. रान वाफशावर येते तोवर रोपे महिन्याची झालेली असतात, आणि जिथे इतर लोक बेणे शोधत फिरतात तिथे तुमची पूर्वहंगामी लावण उरकलेली असते.

सोयाबीनला दोन दिवस साचलेले पाणीही सोसत नाही. मुळांवरच्या गाठी गुदमरतात आणि झाड पिवळे पडते. ते सखल वीस गुंठ्यांतून काढा. उंच बाजूला, रुंद वरंब्यावर टोकणी केली तर पावसाचे पाणी सरीतून निघून जाते. सखल पट्टीत, वगळीच्या कडेला, पॅरा गवत लावावे. त्याला पाण्यात उभे राहण्याचा त्रास होत नाही आणि म्हशींची सोय होते. पुरात सोयाबीन गेलेच, तर त्याच रानात सप्टेंबरअखेर वैरणीचा मका किंवा पुढे हरभरा घेता येतो. त्यासाठीचे बी आधीच घरात असावे, कारण पुरानंतर बाजारात बियाण्याचा तुटवडा ठरलेला.

तुंबणाऱ्या पाण्याचा इलाज सोपा आहे, अवघड आहे तो शेजार. रानाच्या सखल बाजूला अडीच ते तीन फूट खोल चर काढून तो वगळीला जोडावा आणि वगळीतली झुडपे, पाचट, प्लास्टिक मे महिन्यात उपसून काढावे. तुमच्या एकट्याच्या चरीने काम होणार नाही. वरच्या दोघांनी आणि खालच्या एकाने साथ दिली पाहिजे, अन्यथा तुमचे पाणी त्याच्या रानात जाते आणि भांडण तुमच्या दारात येते. जेसीबीचे भाडे चौघांत वाटून घेतले की भांडणही वाटले जाते. अलीकडे रस्ते उंच झाले आणि त्यांच्याखालच्या मोऱ्या अपुऱ्या पडल्या, त्यामुळे पूर्वी वाहून जाणारे पाणी आता रस्त्याच्या अलीकडे तळे करते. तुमच्याकडे तसे असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव करून मोरी रुंद करण्याची मागणी एकत्र करावी. तिला वर्षे लागतात, म्हणून लवकर करावी.

पाणी गेल्यावर सगळ्यांना घाई सुटते आणि नुकसानीचा दुसरा हप्ता त्या घाईत भरला जातो. वाफशाआधी रानात ट्रॅक्टर घातला तर गाळाची माती दाबून विटेसारखी होते आणि ती पुढची दोन पिके सुटत नाही. मूठभर माती दाबून गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून सोडावा. तो पसरून फुटला तर वाफसा आला, चिकटून बसला तर अजून थांबायचे आहे. वाढ्याच्या गंजीत, गव्हाणीच्या कोपऱ्यात, भिंतीच्या फटीत घोणस आणि नाग आसऱ्याला आलेले असतात. काठी आपटल्याशिवाय आणि बॅटरी मारल्याशिवाय हात घालू नये. साप चावलाच तर मांत्रिकाकडे नेण्यात वेळ न दवडता थेट कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावे. चिखलात अनवाणी फिरू नये, पायाला भेग किंवा जखम असेल तर मुळीच नाही, आणि पुरानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल असे काही झाले तर चिखलात काम केल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगावे, कारण लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) संशय त्यावरूनच येतो. विहिरीचे पाणी उपसून टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्याशिवाय पिऊ नये. बुरशी आलेला कडबा जनावरांना घालू नये, आणि पाणथळ रानात चरलेल्या म्हशींना पर्णकृमीचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे.

पंचनाम्याबाबत एवढेच, की पाणी असतानाचे आणि उतरल्यावरचे फोटो काढावेत, ई-पीक पाहणी आधीच झालेली असावी आणि मेलेले जनावर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने पाहिल्याशिवाय पुरू नये. मदतीच्या आकड्यांची कल्पना असलेली बरी. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांत ३३ टक्के किंवा अधिक नुकसान झालेल्या बागायती पिकाला हेक्टरी १७ हजार रुपये ठरले होते, म्हणजे तुमच्या चाळीस गुंठे उसाला साधारण ६,८०० रुपये होतात. दुभत्या म्हशीला मात्र ३७,५०० रुपये आणि तीन इंचांपेक्षा जास्त साचलेला गाळ काढायला हेक्टरी १८ हजार. हे पैसे येतात, पण उसाचे नुकसान त्यातून भरून निघेल असे धरून चालू नये. पीकविम्याचे नियम वर्षागणिक बदलतात, त्या वर्षीचे कागद वाचूनच अर्ज भरावा.

राहिला गोठा. २०२१ चे पाणी गव्हाणीला, म्हणजे दीड-दोन फुटांवर आले होते असे गृहीत धरले, तर तीन फूट जोते उचलून तुम्ही ते पाणी टाळाल. पण त्या खर्चाने पाणंद उंच होत नाही, आणि गोठा बेट झाला तर म्हशी कोरड्या जागी उपाशी राहतील. म्हणून मी सांगेन की जोते दीड फुटापेक्षा जास्त उचलू नका, तेवढ्याने एरवीचा चिखल आणि ओल सुटेल. उरलेले पैसे माळावरच्या चार खांबी पत्र्याच्या निवाऱ्यावर घाला, जिथे जुलैपासून वैरण रचून ठेवता येईल. आणि जोत्यावर चढायला पायऱ्या नकोत. रुंद उतार करा, त्यावर आडवे खडबडीत पट्टे ठेवा. अंधारात आणि पाण्यात म्हैस पायरी उतरायला तयार होत नाही. आमच्या जुन्या गोठ्याला तीन पायऱ्या होत्या, आणि त्या रात्री सर्वांत जास्त वेळ त्या तीन पायऱ्यांवर गेला होता.